दर्याला आत घेणारी उघाडी

बाबा,

दोन होड्या, घराचा जिना, आईचं देवघर, नातीच्या पाळण्याची घोडी आणि आता ही उघाडी, नाल्याच्या मोरीवरची झडप. एवढं मी या हातांनी केलं, कुणा मिस्त्रीकडे शिकायला न जाता. उघाडी मात्र तुझी पाहून केली, आणि तिथंच फजिती झाली.

आपल्या तळ्याकडे येणाऱ्या नाल्याचं खाडीकडचं तोंड भरावाने बुजलं, ते तू गेल्यावर. तळं सुकलं, चिखलातल्या निवट्या मासळ्या गेल्या, तिवरं वठली. भरावाचं काम गावच्याच शेठने, आपल्या पुढाऱ्याने, आणलं होतं. घरोघरचे डंपर लागले, म्हणून गाव गप्प. मग एका पावसात पाणी नव्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरलं, पाठोपाठ निवडणूक आली, आणि तेच शेठ तोंड मोकळं करायला जेसीबी घेऊन हजर! मी अर्ज करून थकलो होतो. त्यांच्या फोनवर आठवड्यात मोरी बसली. उधाणाला बंद करता यावी म्हणून मोरीला झडप हवी होती. ती करायचं काम मी मागून घेतलं. सागाच्या फळ्या, पितळी बिजागऱ्या, सांधा असा की पोस्टकार्डसुद्धा शिरणार नाही.

अजून डोळ्यांपुढे आहे: मी पोर, आणि भाताच्या खाचराशी, बांधावर तू उभा आहेस. माझ्या हातातली फळी हिसकावून घेतोस. "खाडीच्या अंगाला लटकव, येड्या! ओहोटीचं पानी ढकलील तं उघडंल, भरतीचं ढकलील तं मिटंल. दर्या काय तुजा पावना हाय?" तेव्हा रडलो होतो, पण हाताने ते कायमचं लक्षात ठेवलं.

उद्घाटनाला हार, ढोल, मोबाइल. शेठने फीत कापली, भरती चढत आली, सगळे माना पुढे काढून बघतायत, आणि उघाडी सगळ्यांच्या देखत थाडकन मिटली. भरतीचं पाणी बाहेरच!

"अहो, हे काय? आत्ताच तर उद्घाटन केलं मी!" शेठ म्हणाले.

शेजारची काकी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "शेठ, ती तुमचं नाय आयकायची. याचा बापूस बसलाय तिच्यावर. त्यानं जलमभर दर्याला आत येव दिला नाय!"

खरंच, बाबा. मी तुझ्यासारखीच लटकवली होती, भात राखायला. आता भात नाही, राखायचं आहे ते तळं, आणि त्याला खारं पाणीच हवं. तसाच कमरेएवढ्या पाण्यात उतरलो, बिजागऱ्यांच्या खिळी ठोकून काढल्या, झडप उचलली. काय घुसलं पाणी! सुकल्या चिखलातून बुडबुडे, चिंबोऱ्यांची पळापळ, आणि पन्नाशी उलटलेला मी पोरासारखा ओरडतोय. शेठने परत फीत बांधून परत कापली. कापू दे. तोंड त्यांनीच बुजवलं, त्यांनीच उघडलं. पाणी तर आलं!

आता झडप वर उचलायची केली आहे. निवट्या परतल्या. शेकाट्या पाखरं लाल पाय टाकत फिरतात. रोज जाऊन बघतो.

परवा शेठ चहाला आले. तळ्याभोवती काँक्रीटची भिंत आणि मधे कारंजं घालायचं म्हणतात. "ओहोटीला नुसता चिखल दिसतो हो. लोकांना पाणी दिसलं पाहिजे." भिंत उभी राहिली की भरती बंद. आणि ती जाणार आपल्या नाल्याकडच्या जमिनीच्या पट्टीतून. सही माझी लागते.

"शेठ, तोंड तुम्ही उघडलंत, हे तुमच्या स्टेजवर येऊन सांगतो. भिंत नाय."

"म्हणजे भाषण देणार, जमीन नाय?" ते हसले, पण कप अर्धाच ठेवून उठले. पुन्हा येतील. त्यांच्यावाचून तळं मोकळं झालं नसतं, आणि आता त्यांच्यापासूनच राखायचं आहे.

हे कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहितो. तुझ्या सुनेला अजून सांगायची छाती झालेली नाही. त्या पट्टीचे ते चाळीस लाख देत होते.