जागेवर राहिलेलं फाटक

प्रिय मार्सली,

काल रात्री आपलं फाटक बिजागऱ्यांतून निम्मं वर आलं होतं, तेवढ्यात खिशात तुझा फोन वाजला. घाईत खाली टेकवलं ते नेमकं पायाच्या बोटावर. "आई, धापा का टाकतेस?" तू विचारलंस. मी म्हटलं, जळण आणत होते. मग तू बजावत राहिलीस: बाहेरचा दिवा लावून ठेव, दार नीट लाव, हॅलोविनला पोरं कुणाच्याही आवारात शिरतात. कुठली पोरं, मार्सली? ती शिरली असती तर या वयात स्वतःचं फाटक स्वतः चोरायची वेळ माझ्यावर आली असती का?

शुक्रवारी घर बघायला येणाऱ्या त्या माणसाचाही विषय तू पुन्हा काढलास. हे घर विकून तुझ्याकडे ग्लासगोला यायचं की नाही, ते हॅलोविन झाल्यावर सांगेन, असं मी म्हटलं होतं. तू हसलीस. "त्याचा आणि याचा काय संबंध? उद्या तुला काही झालं तर तिथं कुणाला कळणारसुद्धा नाही." उन्हाळ्यापासून हेच ऐकते आहे. संबंध आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

काल पोरं आली होती, नाही असं नाही. मोटारीतून. तिघं, अंगात दुकानातले चकचकीत पोशाख, मागे विजेरी घेऊन त्यांची आई. मी दारात उभी राहिले, ओळखायचा प्रयत्न करायला. आमच्या वेळी तेच तर होतं. बापाचा कोट उलटा घालायचा, तोंडावर मेंढीचं कातडं ओढायचं, आवाज बदलायचा. घरातल्यांनी कोण ते ओळखेपर्यंत जागचं हलायचं नाही, आणि गाणं म्हटल्याशिवाय सफरचंद मिळायचं नाही. सलगम कोरून दिवा करताना आईचे चमचे वाकायचे, त्याचा मार वेगळा. या पोरांना मी म्हटलं, "थांबा, ओळखते." मोठा म्हणाला, "मी इयन. खाऊत शेंगदाणे आहेत का?" गाणं म्हणा म्हटलं तर ती आपल्या आईकडे बघू लागली. आई म्हणाली, "त्यांना अजून पाच घरं करायची आहेत." घरं करायची! जशी काही धुणी करायची आहेत. गेली. फाटकसुद्धा नीट लावून गेली.

तू अशी नव्हतीस. तुझ्या वेळी सलगम गेलं आणि भोपळा आला, पण हॅलोविनच्या रात्री फाटकं पळवायचं तुम्ही सोडलं नाहीत. गावभरची फाटकं बसथांब्यावर रचायचात. पाद्रीबुवांचं तर शाळेच्या छपरावर चढवलंत, आणि त्यांच्या कोबीत सबंध गावाची मेंढरं शिरली. तुझ्या बाबांनी शिडी लावून ते उतरवलं आणि घरी येऊन तुला दम भरला, "पुन्हा पकडली गेलीस तर याद राख!" पुन्हा केलंस तर, असं म्हणाले नाहीत. आज तूच मला दार लावायला सांगतेस, आणि तुझ्या लेकीला, इशबेलला, भुताचा पोशाख घालून बाजाराच्या इमारतीत फिरवतेस, जिथं उचलायला एक फाटक नाही.

आणि तो नियम आठवतो का? वर्षभरात ज्या घरातलं कुणी गेलं असेल त्या घराच्या फाटकाला हात लावायचा नाही. गेल्या वर्षी तुझे बाबा जाऊन सहा महिने झाले होते. सकाळी उठून बघितलं, फाटक जागेवर. मी तुला फोन करून सांगितलं, "बघ, पोरांनी मान राखला." रडलेसुद्धा. यंदा दुखवटा संपला, म्हणून मी आठवडाभर आधी बिजागऱ्यांना तेल घातलं. अलगद निघावं, पोरांना त्रास नको. आणि काल ती मोटार निघून गेल्यावर समजलं की गेल्या वर्षीही कुणी मान राखला नव्हता. कुणी आलंच नव्हतं. दुखवट्याचं घर आणि नांदतं घर, दोन्हींची फाटकं आता सारखीच जागेवर राहतात.

याचा मला इतका संताप आला की कोट चढवला आणि बाहेर पडले. आपलंच फाटक काढून हातगाडीवर घालून नेलं. वाऱ्यानं ते शिडासारखं उभं राहत होतं. बसथांब्यावर टेकवून परत आले आणि तोंड न धुता झोपले.

आज सकाळी, चहा ठेवायच्या आत, शेजारचा टॉरमॉड ट्रॅक्टरवर फाटक घालून दारात. "तुझ्या कोबीत दोन मेंढ्या होत्या, हाकलल्या. कुणी नेलं गं हे?" मी म्हटलं, "पोरांनी. आणखी कोण नेणार?" त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे आहेत तर अजून पोरं!" फाटक बसवलं, चहा घेतला, आणि उठता उठता चिडला. "पण मग माझं का नाही नेलं? मी काय मेलोय?" दार आपटून गेला. तर इथं काही झालं की कळतं, मार्सली. उजाडताच कळतं. म्हणून त्या माणसाला सांग, शुक्रवारी येऊ नकोस. आणि पुढच्या वर्षी इशबेलला इकडे पाठव, जुना कोट देऊन. टॉरमॉडचं फाटक लोखंडी आहे, मला एकटीला उचलणार नाही.

बोट अजून ठणकतंय, तरीही तुझीच,
आई

दुसऱ्या दिवशी सकाळी: पत्र टाकायला निघाले, तेव्हा टॉरमॉड त्याच्या फाटकाशी वाकला होता. बिजागऱ्यांना तेल घालत होता.