दोन अक्षरं कमी

प्रिय भुंग्या,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ लिहिणारा माणूस जगात तूच असशील. मी ते वाचलं, भांडी घासली, पुन्हा वाचलं आणि वर्गावर गेले. वर्गात काय शिकवलं ते मात्र विचारू नकोस.

आधी त्या प्रस्तावनेबद्दल. तुझी ती लांबलचक भुताची कविता आली तेव्हा मला खरंच अभिमान वाटला रे. लहानपणी जेवताना, अंघोळ करताना, मार खाताना सुद्धा गुणगुणायचास, म्हणून बाबांनी तुझं नाव भुंगा ठेवलं. गाण्याचा मास्तर झालास तेव्हा नाव सार्थ झालं म्हणून सगळे हसले होते. पण त्या गुणगुणण्यातून असलं काही निघेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. टेकडीवरचं दगडी घर, वरच्या खोलीत न मरणारा म्हातारा धनी, खाली कंदील घेऊन बसलेला पहारेकरी आणि उंबऱ्यापाशी रोज ऐकू येणारा तो बाईचा आवाज. माझ्या अंगावर काटा आला. तू लिहिलं होतंस, ताई, पुस्तक निघतंय, सुरुवातीला दोन पानं तू लिही, तुला वाटेल ते. मी दोनाची नऊ केली. शिकवण्याचा धंदा, जीभ सैल सुटते.

काय काय नाही लिहिलं मी! कविता अष्टाक्षरीत आहे, आठ-आठ अक्षरांची ओळ पावलांसारखी पडते, कुणीतरी जिना चढतंय असं वाटत राहतं. कंदील म्हणजे जाणीव, जिना म्हणजे स्मृती, धनी म्हणजे भूतकाळ. पहारेकऱ्याला सबंध कवितेत चेहरा नाही, तो फक्त खोकतो, म्हणून तो म्हणजे काळ. आता हे उतरवताना स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटते. खोकणारा काळ म्हणे! आणि हे कडवं तर मी नमुना म्हणून पूर्ण दिलं:

दिवा विझतो, जळतो
धनी विचारी, आली का?
पहारेकरी खोकतो
उंबऱ्याशी म्हणे, येते

प्रत्येक कडवं ‘येते’वर संपतं, म्हणून त्या एका शब्दावर दीड पान. ‘म्हणे’ला कर्ता नाही, कारण बोलणारीला देह नाही, ती येत राहते पण पोचत नाही, हीच या कवितेतली भीती, असं मी ठासून लिहिलं. मग शेवटच्या कडव्याशी आले. तुझी शेवटची ओळ ‘दार उघडेच’. सहाच अक्षरं. मी लिहिलं की छंद इथे दोन अक्षरांनी लंगडतो, कवीने ‘येते’ घालून ओळ पुरी करावी. ज्याची तालात कधी मात्रा चुकली नाही त्या माझ्या भावाला मी अक्षरं मोजून दाखवली. त्यावर तुझं कार्ड आलं: ‘ताई, ती दोन अक्षरं माझ्याकडे नाहीत.’

आपल्याकडे दारातून निघताना ‘जाते’ कुणी म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. मी गेल्या खेपेला म्हणाले होते, खांद्याला पिशवी अडकवून, जिन्याच्या खालच्या पायरीवरून. तू वर बाबांची कूस बदलत होतास, तिथूनच ‘ये’ म्हणून ओरडलास. त्याच्या आधीच्या खेपेला म्हणाले, त्याच्याही आधी म्हणाले. बाकीच्यांचं ‘येते’ हवेत विरून जातं. माझं तू जपून ठेवलंस, कारण आई गेली तेव्हा मीच तुझा हात धरून सांगितलं होतं की हे सत्र संपलं की राहायलाच येते, बाबांचं मी बघेन, तू मोकळा हो. तुझ्या कवितेत भूत नाहीच. तो आवाज येणाऱ्या बाईचा नाही, निघालेल्या बाईचा आहे.

आणि आता जे सांगते ते वाचून तुला माझा राग येईल, येऊ दे. मी काही इतकी मठ्ठ नाही. पहिल्याच वाचनात ‘आली का’पाशी माझा हात थांबला होता. बाबा रोज दिवेलागणीला हेच विचारतात, हे तूच मला फोनवर हसत हसत सांगितलं होतंस. मी उठले, खिडकी लावली, परत बसले आणि अक्षरं मोजायला लागले. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी जुनी खोड, मागायचं असेल ते सरळ मागणार नाहीस. पण माझी तऱ्हा बघ. घरात ताक नाही एवढं सांगायचं सोडून मी भांड्यावरच्या नक्षीवर नऊ पानं लिहिली. लाज वाटते रे. अगदी साधी, तोंड लपवावं अशी लाज.

आत्याचा फोन आला होता. तू काही बोलणार नाहीस, म्हणून तिने सगळं सांगितलं. समुद्राकाठच्या त्या संगीतशाळेने तुला शिकवायला दुसऱ्यांदा बोलावलंय. शुश्रूषागृहात बाबांसाठी जागा आहे, पण ती काही कायम राखून ठेवणार नाहीत. आणि दोन्हीकडे तुझं एकच उत्तर, ताई येतेय, मग बघू. रात्री जिन्यात बसून राहतोस, पायऱ्यांवरच्या ओलीने तुझा खोकला जात नाही, हेही तिच्याकडूनच कळलं.

म्हणून हे पत्र. मी येणार नाही, भुंग्या. भेटायला येईन, पण राहायला, बाबांचं करायला येणार नाही. नोकरीची सबब सांगत नाही, ती सुटली असती. मला माझ्या दोन खोल्या आवडतात, माझा वर्ग आवडतो, आणि बाबांच्या त्या पलंगाची भीती वाटते. हे मला कधीपासूनच माहीत होतं, तुला सांगायचं धैर्य नव्हतं, आणि तू त्या भरवशावर बसून राहिलास. शाळेला आजच होकार कळव. प्रस्तावना फाडून टाक, शेवटच्या ओळीला हात लावू नकोस. आज तू शिकवणीला गेल्यावर मी बाबांना फोन केला, आत्याने त्यांच्या कानाशी धरला. सांगितलं की तुम्हाला शुश्रूषागृहात ठेवायचं मी ठरवलंय, मी येणार नाहीये, भुंग्याला बोल लावू नका. आत्यालाही हेच सांगितलंय, नातेवाईकांची तोंडं माझ्याकडे वळू देत. बाबा म्हणाले, तिकडे थंडी आहे का, अंगावर शाल घेत जा. आणि नेहमीसारखं, सवयीने, ‘बरं, ये’ म्हणाले. जिभेवर आलेला शब्द मी गिळला. ‘ठेवते, बाबा’ म्हणाले आणि फोन ठेवला.

कितीही रागावलास तरी तुझीच,
ताई