मशिदीच्या भिंतीवरचे तीन चौकोन

मुक्काम बा, रविवार

आदरणीय जुलेखा बाजी,

अस्सलामु अलैकुम. ऑकलंडच्या थंडीत तुमचे गुडघे काय म्हणतात ते आधी कळवा. सून उन्हात खुर्ची टाकून देते की नाही तेही कळवा. माझं ठीक चाललंय. तुमच्या भावाला जाऊन दोन वर्षं झाली, तरी सकाळी चहा दोघांचाच टाकला जातो आणि दोन्ही कप मलाच प्यावे लागतात, त्यामुळे पित्त तेवढं वाढलंय. मला काही मागायचं नाही. हे पत्र केवळ डोकं शांत करायला लिहितेय.

काल आपल्या मशिदीत इतर धर्मांच्या लोकांना बोलावलं होतं. बोलावलं हे चांगलंच केलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कारभार हाजी इशाककडे (तोच, ज्याला तिसरीत शिकवताना तुम्ही अख्खी दुपार बाकावर उभं केलं होतंत, आता तो कमिटीचा अध्यक्ष आहे). त्याला आठवडाभर एकच घोर. पाहुण्यांना वाटायला नको की आपण अल्लाहशिवाय आणखी कुणाला पुजतो. म्हणून त्याने व्हरांड्यातले तिन्ही फोटो उतरवले. एक काब्याचा, एक जुन्या इमामसाहेबांचा आणि तिसरा आमचा, म्हणजे तुमचा भाऊ तय्यब मोठ्या वादळानंतर शिडीवर चढून छताचे पत्रे ठोकतोय तो. मी म्हटलं, हाजीसाहेब, तोंडात खिळे धरलेल्या माणसाला देव कोण समजेल? तर म्हणाला, "भाभी, लोकांचा काही भरवसा नाही."

आता गंमत ऐका. भिंत हिरवी, पंचवीस वर्षं उन्हात विटलेली, आणि फोटो होते तिथे तीन गडद चौकोन. जो पाहुणा येई तो आधी तिथेच थबके. इथे काय होतं? हाजीने चाळीस मिनिटं एकेश्वरवादावर भाषण केलं (मी कुराणातल्या चार ओळींच्या सूरतीत सांगितलं असतं, तो एक आहे, त्याला कुणाची गरज नाही, त्याला मूल नाही, तो कुणाचं मूल नाही, त्याच्यासारखं कुणी नाही, पण मी पडले लोणच्याच्या डब्यांवरची नावं लावून लावून वाचायला शिकलेली बाई, मला सामोशांच्या टेबलावर बसवलं होतं). भाषण संपल्यावर प्रश्न विचारा म्हणाला, तर पहिला प्रश्न चौकोनांचा. हाजी म्हणाला, रंग द्यायचाय. मशिदीच्या दारात उभं राहून खोटं बोलला, बाजी.

गावातून मेथडिस्ट चर्चचे पाद्री इलाइतिया आले, रीतीप्रमाणे यंगोनाच्या मुळांची जुडी घेऊन. दुसऱ्याच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण हाजीला प्रश्न पडला की त्या मुळांचं गुंगी आणणारं पेय मशिदीत चालतं का, आणि त्याने जुडी चपलांच्या मांडणीवर ठेवली. पाहुण्याचा मान चपलांवर. मीच उठले, जुडी हातात घेतली, त्यांच्या रीतीने तीनदा टाळी वाजवली आणि तुमचा मान पोचला म्हटलं. प्यायचं कुणी सांगितलं होतं? तुमच्या भावाने हेच केलं असतं.

मग आली शेजारची राजमती, झेंडूचा हातभर हार घेऊन. हार घालायला तिला कुठे काही सापडेना. आत नुसती मोकळी जागा आणि गालिचा. पाय धुवायला ती मागे नळापाशी गेली, तर तिथे बादलीआड, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला तय्यब. तिने तो पदराने पुसला, कट्ट्यावर नीट उभा केला आणि हार घातला. नेमका त्याच वेळी हाजी चाळीस पाहुण्यांना वुजूची, नमाजाआधी हातपाय धुण्याची जागा दाखवायला घेऊन आला. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. म्हणाला, बहेनजी, हे आमच्यात पाप आहे, आम्ही एकालाच मानतो.

राजमती जागची हलली नाही. म्हणाली, "हाजी, तुमच्या देवाला फोटो नाही हे मला ठाऊक आहे. हा देव नाही, हा तय्यब भाई. माझा पंप यानेच दुरुस्त केला होता. तू नव्हे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नियम मला मान्य आहे, बाजी, आणि भीतीने नव्हे, वाचून मान्य आहे. माणसाच्या चित्राला आपण हार घालत नाही. मी पुढे होऊन तो हार माझ्या हाताने काढला. मग इथे पाहुण्याला घालतात तसा तो राजमतीच्या गळ्यात घातला आणि म्हटलं, आमच्यात हार जिवंत माणसाला. इलाइतियांनी टाळ्या वाजवल्या, हाजीनेही (त्याला वाटलं, हे त्याच्या कार्यक्रमातच होतं).

जाताना हाजी म्हणाला, भाभी, फोटो आता घरीच न्या, उगाच चर्चा नको. तर आणला. बरंच झालं. मला आता त्या व्हरांड्याशी काही देणंघेणं नाही.

सर्वांना दुआ.

तुमची भावजय,
जैबुन

ता.क. भाषणात हाजी म्हणाला की तो फक्त एका अल्लाहला भितो. तुम्ही एकदा फोन केलात तर त्याला दुसरं नाव आठवेल. एवढंच सांगा की ज्याने छत ठोकलं त्याला त्या छताखाली जागा हवी. मी सांगितलं असं म्हणू नका.

पुन्हा ता.क. घाई नाही. महिनाभराने फोन केलात तरी चालेल. स्वयंपाकघरात तुमचा भाऊ बरा दिसतो, समोर बसून चहा होतो. राजमतीने आज सकाळी तो हार माझ्या फाटकाला अडकवून ठेवला होता. मी तो फोटोला घातलेला नाही, अल्लाह साक्षी आहे. शेजारच्या खिळ्याला टांगलाय, दोन बोटं लांब.