रिकामे तळवे

प्रिय अमिहान,

तू ज्याच्यावर पत्ते वाटतेस ते जहाज कोणत्या आठवड्यात कुठल्या बंदराला लागतं, हे तुझ्या आईला पाठ आहे. पत्ता तिनंच लिहून दिला. फोनवर तू "जेवलात का, ताताय?" म्हणतेस, मी "जेवलो" म्हणतो आणि फोन आईकडे देतो. अशानं काही सांगून होत नाही, म्हणून हे पत्र.

आधी बातमी. मी पत्ते सोडले. हसू नकोस. सव्वीस वर्षं ब्लॅकजॅकच्या टेबलामागे उभा राहिलेला तुझा बाप आता लास व्हेगासबाहेरच्या कारखान्यात विजेवरच्या गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या खोलतो. पाहुणे कमी झाले आणि माझ्या जागी पडद्यावर पत्ते वाटणारं यंत्र आलं. त्याचे पाय दुखत नाहीत, त्याला टिपही लागत नाही. आईच्या हॉटेलातही निम्म्या खोल्या रिकाम्या असतात. "आता घरी बसून माझं डोकं खाऊ नका," म्हणाली. शेजारचा नेस्टर तर दवाखान्यात लोकांचं रक्त काढतोय. पूर्वी जुगारात काढायचा, असं तोच सांगतो. एकेकाळी आपली सगळी फिलिपिनो गल्ली काळी पँट आणि पांढरा सदरा घालून कामाला निघायची. आता प्रत्येकाचा गणवेश निराळा.

पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली. जेवणाच्या सुट्टीला कामाच्या बाकापासून उठलो आणि सवयीनं टाळी वाजवून दोन्ही तळवे छतातल्या कॅमेऱ्याला उलटसुलट दाखवले. सगळे बघतच राहिले. आमची मुकादम ग्वादलूपे म्हणाली, "काय हो रोमी, पाऊस मागताय का?" मी सांगितलं, टेबल सोडताना डीलरला हात दाखवावेच लागतात, पैशांची चिप लपवली नाही हे वरच्यांना कळायला हवं. "इथं काय लपवणार? बॅटरी खिशात मावायची नाही!" पण आठवड्याभरात माझ्या हातमोज्याला पडलेलं बारीक भोक तिला त्या तळवे दाखवण्यातच दिसलं. विजेच्या कामात तेवढं भोक जीव घ्यायला पुरतं. तेव्हापासून आमची अख्खी रांग टाळी वाजवून हात दाखवते.

तुझी आठवण झाली. सिनिगांगच्या आंबट रश्श्यातलं मांस पळवलंस की मी तुला हात दाखवायला लावायचो. हनुवटीवरून रस्सा ओघळत असायचा आणि तू ऐटीत तळवे पुढे करायचीस.

गेल्या गुरुवारी ग्वादलूपे नव्या शेडसाठी जुने अर्ज चाळत होती. म्हणाली, "अमिहान दुमलाव तुमची कोण? चार वर्षांपूर्वी हिला आम्ही निवडलं होतं. घरी फोन केला तर कुणीतरी सांगितलं, तिला नकोय." मी घाईघाईनं हातमोजे चढवले. "माझी मुलगी," एवढंच म्हणालो.

अमिहान, तो फोन मी घेतला होता. तू आंघोळीला गेली होतीस. टाळेबंदीनंतर कसिनो नुकते पुन्हा उघडले होते आणि तुला टेबल मिळावं म्हणून मी साहेबांकडे शब्द टाकून ठेवला होता. मला खरंच वाटलं, कारखाना काय, आज आहे उद्या नाही. या गावात पत्ते मात्र कायम राहणार. तू तीन आठवडे प्रत्येक घंटीला धावायचीस. मग एकदा जेवताना म्हणालीस, "मी त्यांना पसंत पडले नाही वाटतं." मी तुझ्या ताटात अडोबो वाढला आणि म्हणालो, "जाऊ दे गं." तेव्हाच सांगायला हवं होतं. मला लाज वाटली, आणि पुढं तू चांगले पत्ते वाटायला लागलीस तेव्हा मी त्या लाजेला अभिमान म्हणत राहिलो.

आईला हे परवा सांगितलं. तिनं तुझा पत्ता कागदावर लिहून माझ्यापुढे आपटला. काल ग्वादलूपेलाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि महिनाअखेरपर्यंत तुझ्यासाठी एक जागा राखून ठेवली. मी तुला ये म्हणत नाही, येऊ नकोसही म्हणत नाही. तो हक्क मी घालवलाय. सव्वीस वर्षं अनोळखी माणसांना रोज रिकामे तळवे दाखवले, पण ज्या दिवशी खरंच काही उचललं, त्या दिवशी ते तुझ्यापुढे धरले नाहीत. ग्वादलूपेचा नंबर पाठीमागे लिहिलाय. या वेळी हो की नाही, ते तिला तूच सांग.

तुझाच,
ताताय