दीड ओहमची कॉइल

अप्पा,

दादाच्या मांडीवर भाजल्याची मोठी खूण आहे आणि ती कशाची आहे हे घरात फक्त मला ठाऊक आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कागद घेऊन तुमच्याशी बोलायला कधी बसले नव्हते. दुकानात मोटर उघडली की मनातल्या मनात बोलणं होतंच, तेवढं पुरत होतं. पण या वेळी जे झालं ते तारेच्या वाइंडिंगचं असून वाइंडिंगचं नाही, आणि मी केलं ते बरं केलं की वाईट, हे मला काही केल्या उलगडत नाही.

दादा सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. तो जळकोटला यायचा तो भाऊबीजेला, तेही दुपारचं जेवून परत. दुकानात तर तो पायच ठेवत नसे. पाटीवर अजून तुमच्या नावापुढं 'आणि सन्स' लिहिलेलं आहे. ती खाली उभं राहून वाचायची त्याला लाज वाटते की राग येतो, मी कधी विचारलं नाही. माझं सासर गावातच, म्हणून दुकान माझ्याकडून सुटलं नाही, एवढंच. आणि या आषाढात एका दुपारी तो न कळवता आला. मी विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटरचे वेढे स्लॉटमध्ये बसवत होते. तो लंगडत आत आला, स्टुलावर बसला, बराच वेळ माझ्या हातांकडं बघत राहिला आणि मग पिशवीतून मुठीएवढी एक डबी काढून टेबलावर ठेवली. वर चोच, आत बोटाएवढा एक सेल. वाफेची सिगारेट. विकायला बंदी आहे, तरी हैदराबादहून कुणीतरी आणून दिली म्हणाला.

त्यानं जे सांगितलं ते असं. सिगारेट सुटत नव्हती. जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा त्याला तुम्ही आठवलात, शेवटची दोन वर्षं खाटेवर बसून उशीला टेकून श्वास घेणारे तुम्ही. म्हणून ही डबी घेतली. चार महिने झाले, सिगारेटला हात लावलेला नाही. पण आतली तापून वाफ करणारी तारेची कॉइल पंधरा-वीस दिवसांत करपते आणि नवी उघड मिळत नाही. मग मोबाइलवर बघून बघून त्यानं स्वतःच गुंडाळली. तिच्यात रस शोषायला कापूस घातला तो वहिनीच्या वातींचा. सेल काढले जुन्या लॅपटॉपमधले. त्यातला एक जादा सेल पँटच्या खिशात ठेवला होता, घराच्या किल्ल्यांसोबत. वरचं प्लास्टिक फाटलेलं. मोटरसायकलवर असताना किल्ली सेलच्या दोन्ही टोकांना टेकली आणि सेल असा तापला की खिसा जळून कातडी सोलली. वहिनीला त्यानं सांगितलंय, गाडी अंगावर पडून सायलेन्सर लागला म्हणून.

"ती विडी न्हाय बघ," तो म्हणाला. "धूर न्हाय, वाफ हाय. तू तारेचं काम करतीस. मला तेवढी कॉइल नीट करून दे."

मी विचारलं, किती ओहमची गुंडाळली होतीस? तर त्याला ओहम म्हणजे काय हेच ठाऊक नाही. वाफ जास्त यावी म्हणून जाड तार आणि कमी वेढे, एवढंच त्यानं पाहिलं होतं. मी त्याच्या कॉइलला मीटर लावला. आधी वायरी एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा आकडा बघितला, तो वजा केला, तर उरलं ते जेमतेम एक दशांश-दीड दशांश ओहम. त्याला हिशेबाच्या पाटीवर खडूनं मांडून दाखवलं. सेल भरलेला असताना चार व्होल्टच्या वर, भागिले एवढासा ओहम, म्हणजे अठ्ठावीसच्या पुढं अँपियर. समोरची ही पाच एचपीची मोटर विहिरीचं पाणी वर ओढताना एका फेजला सात-आठ घेते. आणि हा बोटभर जुना सेल, तोंडाशी धरलेला. "मांडीवर निभावलं," मी म्हटलं.

तेव्हा मला स्वयंपाकघर आठवलं. रस्त्यावरच्या दुकानात पोरीनं बसणं आईला पसंत नव्हतं, म्हणून तुम्ही मला वेढे घालायला शिकवलंत ते घरात, चुलीशेजारी, आईच्या लाटण्यावर. आई पोळ्यांचं पीठ मळून लाटण्यासाठी ताटकळत बसलेली आणि तुम्ही म्हणताय, आणखी दहा वेढे, मग देतो. तार ताणायची पण दुखवायची नाही. तोंडात विडी, आणि राख पडू नये म्हणून मान वळवलेली. आणि ती अणदूरची मोटरही आठवते, जिच्या एका जोडावर मी इन्शुलेशनची नळी चढवायला विसरले आणि लक्षात आल्यावरही गप्प बसले. मोटर जळून परत आली. शेतकऱ्यासमोर तुम्ही मला काही बोलला नाहीत. तो गेल्यावर म्हणालात, "हात चुकला तर दुरुस्त करता येतंय. तू लपिवलंस." आवाज चढवला नव्हतात, तरी दोन दिवस मला घास गेला नव्हता.

तर अप्पा, मी ती कॉइल करून दिली. हीटरच्या तारेसारखीच असते, पण शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक. तीन मिलिमीटरच्या ड्रिलवर आठ वेढे घातले, दोन्ही पाय सरळ काढले, स्क्रूखाली घट्ट केले, डबीच्या अंगाला कुठं टेकत नाही ना ते दोनदा तपासलं. मीटरवर दीड ओहम आलं, म्हणजे करंट तीनच्या आत. क्षणभर बटण दाबून बघितलं, तर मधून लाली सुरू होऊन दोन्हीकडं सारखी पसरली. लॅपटॉपचे सेल मी ठेवून घेतले, नवे चांगले आणायला लावले. सेल ठेवायला प्लास्टिकची डबी दिली, आणि बजावलं की वरचं प्लास्टिकचं साल फाटलं की सेल टाकायचा, खिशात सुटा ठेवायचा नाही, चार्जिंगला लावून झोपायचं नाही. तो पोरासारखा मान हलवत होता. पन्नाशीचा माणूस.

मग सुरू झाला माझा गोंधळ. सास्तूरच्या एका डॉक्टरांची मोटर दुरुस्तीला आली होती, त्यांना मी कुणा तिसऱ्याचं म्हणून या डबीबद्दल विचारलं. ते म्हणाले, दोन्ही सोडावं हे उत्तम. पण ही सोडून परत सिगारेटवर जाणार असेल तर तेही वाईट. मग करावं काय? ते हसले आणि मोटर कधी मिळेल म्हणाले. वहिनीचा फोन आला, हे मधूनमधून जळकोटला कशाला येतायत म्हणून. मी सांगितलं, दुकानाच्या कागदांचं काम आहे. म्हणजे मी पुन्हा लपवलंच. तुम्ही असता तर डबी उचलून रस्त्यापलीकडं फेकली असती, असं एकदा वाटतं. मग वाटतं, नाही, तुम्ही आधी ती उघडून बघितली असती. शेवटी शेवटी तुम्ही हातानं विडीची खूण करायचात आणि मी दुसरीकडं बघायचे. तेव्हा मी नाही म्हणाले ते बरोबर होतं का? आणि तेव्हा ते बरोबर असेल तर आज भावाला हो म्हणाले ते कसं? दोन्ही एकदम मनात येतं आणि मी हातातलं काम तसंच ठेवून बसून राहते.

हे पत्र कुठं पाठवणार? गल्ल्याखालच्या कप्प्यात मोटरांच्या पावत्यांखाली ठेवीन. पण एक लिहायचं राहिलंय. दादा आता दर पंधरा-वीस दिवसांनी येतो. कॉइल करायला मला अर्धा तास लागतो, तो मात्र तीन तास बसतो. चहा होतो. तुमच्याबद्दल बोलतो, आईबद्दल बोलतो. परवा त्यानं एका मोटरचे वेढे मोजून दिले आणि चुकला. ही कॉइल त्याला शिकवायला एक दुपार पुरे आहे. तार, ड्रिल, मीटर, दोन आकडे. ते शिकला तर पुन्हा भाजायची भीती नाही, आणि माझ्याकडं यायची गरजही नाही. दोनदा तो स्वतःहून म्हणाला, शिकव की मला. दोन्ही वेळा मी म्हटलं, तुझ्या हाताला जमायचं नाही.

त्याला जमेल, अप्पा.