सिंधुताईसाठी सिलिकॉनची बाटली

उदगीर,
२० एप्रिल २०१६

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

सिंधुताईस,

तुझी मावसबहीण शिवकांता हिचे शरणार्थी, नमस्कार. मावशीला आणि काकांनाही सांग. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे टँकर येतो त्या दिवशी ठीक असतो. बाबांच्या दुकानात सध्या दोनच विषय चालतात, पाणी आणि उदगीर जिल्हा. शिलाई मशीनची सुई घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा जिल्हा कधी होणार ते विचारून जातं. बाबा छातीठोकपणे सांगतात, "जिल्हा होऊ द्या, मग बघा नळाला पाणी कसं येत न्हाई!" आई आतून म्हणते, "आधी घागर भरा, मग कलेक्टर आणा." जिल्हाही आला नाही आणि घागरही अर्धीच आहे.

परवा मावशीचा फोन आला होता. म्हणाली, "शिवे, तिचा रुबिक क्यूब लई जाम झालाय गं. पुण्याची फायनल तोंडावर आली. कोणतं तेल घालावं ते तूच सांग की, तुला लई कळतंय त्यातलं." मागून तुझाही आवाज आला, "विचार ना, विचार ना." स्वतः फोन घ्यायला तोंड नव्हतं वाटतं. मलाही तुझ्याशी बोलायचं नव्हतं. म्हणून हे पत्र. तुमच्या शेजारचे पंचाक्षरी मास्तर उद्या नांदेडला परत निघालेत, त्यांच्या हाती देते. सोबत एक लहान बाटलीही आहे. तिच्याविषयी शेवटी लिहिते.

आधी विचारलंस त्याचं उत्तर. मावशीचा शब्द मी मोडत नाही.

क्यूबला सिलिकॉनचं तेलच लागतं, दुसरं काही नाही. सिलिकॉन दोन तऱ्हेचं घ्यायचं, घट्ट आणि पातळ. घट्ट सिलिकॉन आत गाभ्यात, स्प्रिंग आणि स्क्रूपाशी, अगदी मोहरीएवढं. त्याने फिरणं ताब्यात राहतं. पातळ सिलिकॉन कोपऱ्यांच्या आणि कडांच्या तुकड्यांना, तेसुद्धा एक-दोन थेंब, मग क्यूब फिरवत बसायचं म्हणजे ते सगळीकडे पसरतं. जास्त ओतलं तर क्यूब आधी जडच लागतो आणि माणूस घाबरून आणखी ओततो. तू तेच केलं असशील, तुला सगळंच भरपूर लागतं. पाण्यासारखं पातळ वंगणही मिळतं, ल्यूब म्हणतात त्याला, त्याने क्यूब पळतो छान, पण आपल्याकडच्या या उन्हात ते लवकर सुकतं. फायनलच्या भरवशाचं नाही.

नवं घालण्याआधी तुकडे सुटे करून जुनं काढायचं. लोक साबणाच्या पाण्याने धुतात. आपण सुती कापडाने पुसून घ्यायचं, जुनं धोतर सगळ्यात चांगलं. बोअरच्या पाण्याने तर मुळीच धुऊ नकोस. वाळलं की क्षाराची पांढरी खपली धरते आणि क्यूब खरखरतो.

हे मला कसं माहीत, ते ऐक.

फेब्रुवारीत क्यूब सोडवायच्या विभागीय स्पर्धेसाठी मी नांदेडला तुमच्याकडे उतरले होते. स्पर्धेच्या सकाळी मावशी म्हणाली, "बाई, उदगीरला पाणी न्हाई तुम्हाला, इथं मनभर आंघोळ कर." तुमच्या बोअरला तेव्हा पाणी होतं. मी किती महिन्यांनी डोक्यावरून तांब्यावर तांबे ओतून घेतले! बाहेर यावंसंच वाटेना. माझा क्यूब तुझ्या पलंगावर होता आणि तू खोलीत एकटी होतीस. केस पुसत आले तेव्हा तू म्हणालीस, "अगं बाई, एवढ्या वेळात माझी दोनदा आंघोळ झाली असती," आणि हसलीस. मीही हसले.

टेबलावर बसले आणि पहिल्याच वळणाला क्यूब हातातून निसटला. थर थांबायचे तिथे थांबेनात, पुढे पळायला लागले. एक कोपरा उडून खुर्चीखाली गेला. बोटं तेलकट झाली होती. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. विभागातून एकच जण पुण्याला जाणार होतं, आणि ते कोण ते तुला ठाऊक आहे.

मी तुला तिथेच विचारलं. तू गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "लिंगाची आण, म्या हातसुद्धा लावला न्हाई तुझ्या क्यूबला." लिंगाच्या आणेपुढे कोण काय बोलणार? मावशीने तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "नाचता येईना अंगण वाकडं." निलंग्याच्या लग्नात तेच, देवणीच्या बारशाला तेच. नागुबाई आत्यानेसुद्धा मला बघून डोळे मिचकावले.

घरी येऊन मी क्यूब बाबांसमोर ठेवला. त्यांना वासही नीट घ्यावा लागला नाही. म्हणाले, "मशीनचं तेल हाय हे. लोखंडाला चालतंय, प्लॅस्टिकचं वाटोळं करतंय." सिंधुताई, तुला दुसरं काहीच सापडलं नाही का गं? खोबरेल घालायचंस, गोडंतेल घालायचंस, मी फसले असते. शिलाई मशीनच्या दुकानदाराच्या पोरीला तू मशीनचं तेल घातलंस! ती लाल झाकणाची कुपी बाबांनीच दिवाळीत मावशीच्या मशीनसाठी पाठवली होती.

मी तो धुवायला घेतला, बोअरच्या पाण्याने, आणि वर खपली चढवून बसले. मग आईपाशी पिण्याचं पाणी मागितलं. आई भडकली, "प्यायचं का तुझं खेळणं धुवायचं?" मी रडले तेव्हा तिने एक तांब्या दिला. संध्याकाळी तिने स्वतः पाणी घेतलं नाही. तहान नाही म्हणाली. तरी क्यूब वाचला नाही. तुकडे फुगले, मग आतून तडे गेले.

क्यूबचं मी विसरले असते. आईचं विसरणार नाही. आणि मी खोटारडी ठरले तेही विसरणार नाही. मला राग आलाय असं नाही, राग निवतो. मला तुझं वाईट व्हायला हवंय. रोज सकाळी उठल्यावर पहिलं हेच मनात येतं आणि मला त्याची लाज वाटत नाही.

तर बाटलीचं. वरची माहिती वाचून तू म्हणशील, सिलिकॉन आता आणायचं कुठून? नांदेडला मिळत नाही आणि मागवून वेळेवर यायचं नाही. म्हणून माझ्या नव्या क्यूबसाठी आणलेलं पातळ सिलिकॉन अर्धं काढून तुला पाठवतेय. चांगलं आहे. दोन थेंब पुरे.

घाल, बिनधास्त घाल.

आता तू बाटली उघडून वास घेशील. सिलिकॉनला वास नसतो, पण तुला येईल. कागदावर थेंब टाकून बघशील, बोटांवर चोळशील, मावशीला विचारशील, आणि मावशी म्हणेल, "शिवीनं पाठवलंय, घाल की." तिला काय सांगशील? शिवीवर भरवसा का नाही, हे सांगायला तोंड उघडलंस तर सगळंच सांगावं लागेल. नाही घातलंस तर जाम क्यूब घेऊन पुण्यात बस. घातलंस तर पहिल्या वळणापर्यंत जीव मुठीत धर, मी हॉलमध्ये समोरच बसलेली असेन. बाबा मला घेऊन येणार आहेत.

अजून एक वाट आहे. बसव जयंतीला तुम्ही सगळे उदगीरला येणारच आहात. जेवणाच्या पंगतीत, नागुबाई आत्याच्या देखत, आईच्या पाया पड आणि काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग. तिथल्या तिथे मी तुझा क्यूब उघडून माझ्या हाताने तेल घालून देईन. फायनल त्यानंतरच्या रविवारी आहे, वेळ आहे. पण तू सांगणार नाहीस. तुला मी लहानपणापासून ओळखते.

बाटलीत सिलिकॉनच आहे, ताई. इष्टलिंग हातात धरून तुला तसं लिहून दिलं असतं. पण आपल्या दोघींत त्या आणेला काही किंमत उरली आहे का, ते तूच सांग.

मावशीला शरणार्थी. उत्तर पाठवू नकोस, पंगतीत भेट.

जिच्यावर विश्वास ठेवण्यावाचून तुला गत नाही, ती तुझी धाकटी बहीण,
शिवकांता