पहिली भाषा: मराठी

३ फेब्रुवारी, मंगळवार

इंदूचा वॉर्ड बदलला. खिडकीजवळची कॉट मिळाली. खिडकीतून कार पार्क दिसतो, पण उजेड तरी आहे. स्ट्रोकला आज आठ दिवस. उजवा हात उचलता येत नाही. रोजनिशी पुन्हा काढली, कारण डॉक्टर रोज विचारतात काल काय खाल्लं, काय बोलल्या, आणि मला ऐन वेळी आठवत नाही.

खाल्लं: चार चमचे पॉरिज, थोडं दही.

बोलली: बरंच. सगळं क्रिओलमध्ये, तिच्या मॉरिशसच्या बोलीत. मराठीचा एक शब्द नाही. सदतीस वर्षं इथल्या, लंडनच्या हॉस्पिटलांत नर्स होती, तरी इंग्रजीही पार गेलं. मी दोनदा म्हटलं, "इंदू, मराठीत सांग." तिसऱ्यांदा म्हटल्यावर तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

केट म्हणून स्पीच थेरपिस्ट आहे, पोरगेलीशी. तिने अ‍ॅडमिशनचा फॉर्म पुढे धरला. एथ्निसिटी: इंडियन. फर्स्ट लँग्वेज: मराठी. अक्षर माझंच, पहिल्या दिवशी भरलेलं. "इज धिस करेक्ट, मिस्टर दामले?" येस म्हटलं.

तसं खोटं नाही. इंदूचे पणजोबा रत्नागिरीकडून मॉरिशसला उसाच्या मळ्यावर गेले. सखाराम त्यांचं नाव. बोटीवरून उतरल्यावर कारकुनाने तेच आडनाव करून टाकलं, आणि इंदू लग्नाआधी इंदिरा सखाराम. (पुण्यात आमच्या घरी यावर किती हसलो होतो आम्ही.) बारा-तेरा लाखांचा तो देश. हिंदू, मुसलमान, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची नातवंडं-पतवंडं, चिनी, चार गोरी घराणी. हिंदूंत पुन्हा भोजपुरीवाले, तमिळ, तेलुगू आणि मूठभर आपले मराठी. पेपर फ्रेंच, कोर्ट इंग्रजी, आणि बोलायला सगळ्यांना मिळून एक क्रिओल. तिकडे जनगणनेत भाषेचे प्रश्न दोन. पूर्वजांची भाषा कोणती, तिथे इंदूचे वडील ताठ मानेनं मराठी लिहायचे. घरी कोणती बोलता, तिथे तितक्याच ताठ मानेनं क्रिओल. इथल्या फॉर्मवर रकाना एकच होता. मी त्यांचा पहिला उचलला.

केटने विचारलं, आत्ता त्या काय बोलतायत? मी म्हणालो, "जस्ट साउंड्स. रॅम्बलिंग."

असं का म्हणालो कोण जाणे. ती क्रिओल बोलतेय हे मला पहिल्या मिनिटापासून माहीत आहे. वाटलं, दोन दिवसांत येईल मराठीवर. बायको शुद्ध हरपून बोलायला लागली आणि त्यात आपली भाषाच नाही, हे त्या पोरीसमोर सांगायची लाज वाटली. हो, लाजच.

७ फेब्रुवारी, शनिवार

रेवा मेडनहेडहून आली. लेक आल्यावर इंदूचा चेहरा बदलतो. पाच मिनिटांत रेवा माझ्यावर उखडली.

"बाबा, आई केव्हापासून पाणी मागते. देलो म्हणजे पाणी. तुम्हाला एवढा पण माहीत नाही?"

"एवढं पण," मी म्हणालो.

सवय. तोंडातून निघून गेलं. रेवा पाण्याचा कप ठेवून बाहेर गेली, खूप वेळ आलीच नाही. लहानपणी सुट्टीत मॉरिशसला मावशीकडे राहून ती थोडं क्रिओल शिकली. मी प्रत्येक वेळी सोबत होतो आणि व्हरांड्यात बसून पुस्तक वाचत होतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज असेसमेंट. इंदूला स्वतःचा निर्णय घेता येतो का, हे ठरवायचं होतं. त्यावर पुढचं सगळं: घर की नर्सिंग होम. मराठी इंटरप्रिटर आल्या, इल्फर्डच्या, मूळच्या नागपूरच्या. बाई मायाळू.

"आजी, तुम्ही कुठे आहात, माहीत आहे ना?" इंदू गप्प. "आजी, घरी जायचं का तुम्हाला?" इंदू गप्प. मग माझ्याकडे वळून क्रिओलमध्ये दोन-तीन वाक्यं, जरा घाईने. बाईंनी विचारलं, "काका, काय म्हणाल्या हो या?"

"काही नाही," मी म्हणालो. खरं म्हणजे मला कळलं नव्हतं.

निकाल: प्रश्न समजत नाहीत, निर्णयक्षमता नाही. आता डॉक्टरांची मीटिंग बसणार आणि तेच ठरवणार. केट हलक्या आवाजात म्हणाली, टीमचा कल नर्सिंग होमकडे आहे, मिसेस दामलेंचं स्वतःचं मत काही मिळालं नाही ना.

घरी येऊन डायनिंग टेबल गराजमध्ये नेलं. एकट्याने. पाठ धरली. त्या जागी कॉट बसेल, मापं घेतली. इंदू घरीच येणार. तिला दुसरं काय हवं असणार?

१० फेब्रुवारी, मंगळवार

पाठीमुळे हॉस्पिटलला गेलो नाही. पडल्या पडल्या नको ते आठवत बसलो.

लग्नानंतरचा दुसरा गणपती, इथल्या मंडळाचा, शाळेच्या हॉलमध्ये. इंदू हौसेनं पुढे होऊन आरती म्हणायला लागली. त्यांच्या गावच्या देवळात म्हणतात तशी, तिकडच्या चालीत, तिकडच्या उच्चारात. शंभर-सव्वाशे वर्षं त्या लोकांनी जपलेली. मी तिसऱ्या रांगेतून, मोठ्याने, चूक दाखवली. लोक हसले. मीही हसलो. तिने म्हणून पूर्ण केली, पण पुढच्या वर्षीपासून ती मागे चहाकडे.

घरी तेच. तिने वाक्य बोलायचं, मी दुरुस्त करायचं. मला ते प्रेम वाटायचं, शिकवतोय असं. कधी तरी ती माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली, कामापुरतं. नक्की कधी, ते मला सांगता येत नाही. माझ्या ते लक्षातच आलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मालतीचा फोन, इंदूची धाकटी बहीण. तिची मराठी देवळातल्या वर्गातली. "भावोजी, दीदीच्या कानाला फोन लावा ना. मी बोलते." वॉर्डात नेऊन स्पीकर लावला.

वीस मिनिटं बोलल्या. इंदू अडखळत होती, शब्द शोधत होती, पण सापडला की पुढे जात होती. प्रश्न, उत्तर, पुन्हा प्रश्न. एकदा तर बहिणीला दटावलं. शेजारच्या कॉटवरची आयरिश आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "शीज इन ग्रेट फॉर्म टुडे!"

नंतर मालतीने मला सांगितलं इंदू काय म्हणाली ते. हाताला फिजिओ पुरेसा देत नाहीत. संध्याकाळची गोळी उशिरा मिळते. समोरच्या बाईला बेडसोर होणार, कुणी तरी कूस बदला तिची. मालतीचा नातू चालायला लागला का?

मी बाहेर येऊन लिफ्टपाशी उभा राहिलो. तीन लिफ्ट सोडल्या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

केटला सांगितलं. "आय पुट डाउन द राँग लँग्वेज."

ती म्हणाली, होतं असं कधी कधी गडबडीत. तिथेच सोडून देता आलं असतं. मी म्हणालो, गडबड नव्हती, मला माहीत होतं. तिने पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. "थँक यू फॉर टेलिंग मी," म्हणाली. बुधवारी नवीन असेसमेंट, क्रिओल इंटरप्रिटर फोनवर.

रेवाला कळवलं; फॉर्मवर मी मराठी लिहिलंय हे तिला माहीतच नव्हतं. ती म्हणाली: "अठरा दिवस, बाबा. शी वॉज आस्किंग फॉर वॉटर फॉर अठरा दिवस."

१५ फेब्रुवारी, रविवार

रेवाने कागदावर दहा वाक्यं लिहून दिली, देवनागरीत, माझ्यासाठी. पिनरच्या घरून हॉस्पिटलपर्यंत बसमध्ये पाठ करत गेलो. आत गेल्या गेल्या म्हटलं, "की मान्येर?" म्हणजे कशी आहेस.

इंदू बघतच राहिली. मग म्हणाली, "मान्येर." मी म्हटलं. तिने मान हलवली. पुन्हा. पुन्हा मान हलवली. चार वेळा म्हणून घेतलं माझ्याकडून, चौथ्यांदाही नापासच. मला राग आला. आजारी बाईचा राग! पंच्याहत्तरीला आलेला माणूस, उच्चारावरून किती टोचतं ते आत्ता कळतंय.

पण तिच्या डोळ्यांत मिश्कीलपणा होता. असं कधीपासून बघितलं नव्हतं. बुधवारी सगळं नीट होईल. ती घरी म्हणेल, प्रश्न मिटेल. बेडची ऑर्डर देऊन ठेवली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

जसं झालं तसं लिहितो.

फोन पलंगावर. पलीकडे क्रॉयडनची एक मॉरिशियन बाई. केट इंग्रजीत विचारणार, बाई क्रिओलमध्ये. रेवा पायाशी, मी खुर्चीवर. तुम्ही कुठे आहात? हॉस्पिटल. काय झालं? इंदूने डाव्या हाताने डोक्याची डावी बाजू दाखवली, काही तरी म्हणाली. बाई हसल्या: "शी सेज क्लॉट, लेफ्ट साइड, अँड शी वॉज अ नर्स बिफोर यू वेअर बॉर्न." केटसुद्धा हसली. मला इतका अभिमान वाटला.

मग तो प्रश्न. इथून निघाल्यावर कुठे राहायचंय?

इंदू सावकाश बोलली. थांबत थांबत. संपल्यावर बाईंनी विचारलं, मिस्टर दामले खोलीत आहेत का? आहेत, केट म्हणाली. सांगा तुम्ही.

"शी सेज, नॉट द हाउस. शी सेज, देअर आय कान्ट टॉक."

केटने विचारलं, स्ट्रोकमुळे म्हणतायत का? बाईंनी विचारलं. इंदू म्हणाली, "नों. देपी लोंतां."

नाही. पूर्वीपासून.

रागाने नाही म्हणाली. तापमान सांगावं तसं सांगितलं. मग माझ्याकडे बघून आणखी काही. बाई म्हणाल्या, "शी इज आस्किंग इफ यू हॅव ईटन."

मी रेवाकडे पाहिलं. रेवाने सांगितलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो नाही. बेडवाले आले, त्यांना परत पाठवलं. मग वाटलं, उगाच पाठवलं.

एकदा वाटलं, स्ट्रोकच आहे तो, डोकं ताळ्यावर नाही तिचं. लगेच लाज वाटली. गेल्या आठवड्यात डोकं ताळ्यावर आहे हे सिद्ध करायला मीच धावत होतो.

चव्वेचाळीस वर्षं एका घरात राहिलो. भांडलो नाही. लोक म्हणायचे, दामल्यांचं घर किती शांत.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

रेवा येऊन राहिली. वरण-भात केला तिने. जेवताना म्हणाली, "बाबा, आईचा राग नाही आहे तुमच्यावर. ती फक्त टायर्ड झाला आहे."

मी चूक काढली नाही. रेवाच्या लक्षात आलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघंही रडलो. ताटावरच.

इल्फर्डला एक नर्सिंग होम आहे, तिने शोधलंय. तिथे दोन केअरर मॉरिशसच्या. इथून दोन गाड्या बदलून सव्वा तास. दहा मिनिटांवर पिनरमध्येही एक आहे, बागवालं, मी रोज जाऊ शकेन असं. तिथे क्रिओल कुणालाच येत नाही. मी तिला म्हटलं, पिनरचं मी स्वतःसाठी बघतोय ना? ती म्हणाली, हो बाबा.

केटचा फोन. सोमवारी हेच पुन्हा विचारायचं, उत्तर कायम आहे का बघायला. तसा त्यांचा रिवाज आहे. मग चाचरत: "परहॅप्स विदाउट फॅमिली इन द रूम धिस टाइम?" मी म्हणालो, ऑफ कोर्स.

२३ फेब्रुवारी, सोमवार

कॉरिडॉरमध्ये बसून लिहितोय. दार बंद. रेवा कॉफी आणायला गेली.

आत जाण्याआधी केटने विचारलं, तुम्हाला काय व्हावंसं वाटतं? खरं सांगितलं: ती घरी यावी. दुसरं काही वाटत नाही. पण ते तिला सांगू नका. इल्फर्ड म्हणाली तर इल्फर्ड, मी सही करेन. घरी म्हणाली तर घरी गेल्यावर मी तिच्याशी कुठल्या भाषेत बोलणार आहे, ते मला माहीत नाही. दहा वाक्यांत संसार होत नाही. या वयात आणखी किती शिकेन?

दारातून तिचा आवाज येतोय. शब्द कळत नाहीत. बराच वेळ बोलतेय, मध्ये थांबते, बाई काही विचारतात, पुन्हा बोलते. एवढं सलग बोलताना मी तिला समोर बसून कधी ऐकलंय?

पंचवीस मिनिटं झाली. मागच्या वेळी दहात आटोपलं होतं.

केट बाहेर आली. म्हणते, इंदूला मला काही विचारायचंय. बाई अजून फोनवर आहेत. काय विचारायचंय ते केट सांगत नाही, तुम्हीच या म्हणते.

तिचं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही, एवढं ठरवलंय. उठतो.